मान मोडून काम करणारीची मान

"सून कशी आहे हो तुमची?" असं कुणी विचारलं, की आपल्याकडे कौतुकाची वाक्यं ठरलेली असतात. "खाली मान घालून जाते, खाली मान घालून येते. मान मोडून काम करते बिचारी." भोरच्या पेठेत हेच ऐकायला मिळतं आणि वेल्ह्याकडच्या वाड्यावस्त्यांवरही हेच. मग दहा-पंधरा वर्षं जातात आणि त्याच सुनेची मान खरोखरच मोडायला येते. आधी नुसती धरते. मग दुखणं खांद्यात उतरतं, दंडातून कळ जाते, बोटांना मुंग्या येतात. पीठ मळताना हात बधिर होतो. तेव्हा मात्र कौतुक करणारी माणसं म्हणतात, "वात झालाय. तेल लाव आणि पड जरा." आणि पडायला तिला वेळ नसतो!

मैत्रिणींनो, बचत गटांच्या कामानिमित्त मी या दोन्ही तालुक्यांत फिरते. २०२५ साली वेल्हे तालुक्याचं नाव 'राजगड' झालं, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच आहे. बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला, चहा आला, की दुखण्यांच्या गप्पा सुरू होतात. गुडघे आणि कंबर तर असतेच, पण हल्ली मान फार ऐकू येते. कुणी एक्स-रे काढून आलेली असते. "मणक्यात गॅप हाय म्हणं माज्या," असं सांगते आणि पिशवीतून मानेचा पट्टा काढून दाखवते. पट्टा पिशवीतच का, तर तो लावून डोक्यावर हंडा बसत नाही.

हा 'गॅप' म्हणजे काय, ते आधी बघू. आपल्या मानेत सात मणके असतात. त्यांच्यामध्ये गादीसारख्या चकत्या असतात. वय वाढेल आणि भार पडेल तशा त्या झिजतात, कडेचं हाड वाढतं आणि मणक्यांच्या मधून हाताकडे निघालेल्या नसेवर दाब येतो. म्हणून दुखणं मानेत असतं आणि मुंग्या बोटांत येतात. चाळिशीनंतर अशी झीज बऱ्याच जणांच्या एक्स-रेमध्ये दिसते. सगळ्यांचीच मान काही दुखत नाही. म्हणजे नुसत्या झिजेवर सगळं ढकलून चालणार नाही. त्या झिजलेल्या मानेकडून आपण काय करून घेतो, तेही बघायला हवं.

आता 'वात झालाय' या आपल्या लाडक्या वाक्याकडे येऊ. मी वैद्य नाही, बी. ए. झालेली गृहिणी आहे. पण ओळखीच्या वैद्यांना प्रश्न विचारून भंडावून सोडायचं आणि ग्रंथांची मराठी भाषांतरं वाचायची, ही सवय आहे. आयुर्वेदात मान जखडण्याला 'मन्यास्तंभ' म्हणतात. खांद्यापासून बोटांपर्यंत उतरणाऱ्या आणि हाताचं काम बिघडवणाऱ्या विकाराला 'विश्वाची' असं नाव आहे. दोन्ही वाताचे विकार म्हणून सुश्रुतसंहितेत येतात. आजच्या एमआरआयमध्ये दिसणारी चकती त्या ग्रंथांत शोधायचा अट्टहास करू नये. ती तिथे नाही. पण वात बिघडतो कशाने, याची जी यादी तिथे आहे, ती मात्र प्रत्येक घरातल्या भिंतीवर लावावी अशी आहे.

चरकसंहितेत चिकित्सास्थानाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ही यादी येते. रूक्ष, थंड आणि थोडंसं अन्न. उपाशी राहणं. रात्रीची जागरणं. अति चालणं, अति कष्ट. चिंता आणि शोक. अवघडलेली बैठक आणि धड नसलेलं अंथरूण. शरीराचे वेग अडवून धरणं. मार लागणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, हे कुणी वेलवंडीच्या नाहीतर कानंदीच्या खोऱ्यातल्या बाईचं दिवसाचं वेळापत्रकच लिहून ठेवलंय!

बघा ना. पहाटे उठून ती सगळ्यांचं करते. सकाळी पोटात काय, तर कोरा चहा. दुपारी रात्रीची उरलेली भाकरी, तीही सगळ्यांचं झाल्यावर. नाचणीची भाकरी उत्तमच. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडांना तिच्यासारखं धान्य नाही. पण ती कोरडी, थंड आणि मिरचीच्या ठेच्याबरोबर खाल्ली, की आयुर्वेदाच्या भाषेत रूक्षच झाली. तिच्यावर तुपाची धार हवी, नाहीतर तेल, नाहीतर बरोबर दूध किंवा कुळथाचं गरम पिठलं. दूध मात्र पहाटेच डेअरीत गेलेलं असतं. उरलेलं पोरांना आणि म्हाताऱ्यांना. घरात गाय आहे, म्हैस आहे आणि गोठा काढणाऱ्या बाईच्या पोटात दूध नाही, अशी घरं आमच्याकडे हवी तेवढी दाखवता येतील.

त्यात उपास. सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र. श्रद्धेबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण उपासाच्या दिवशी विश्रांतीही घ्यावी, हे आपण सोयीस्कर विसरलो. दिवसभर उपाशीपोटी डोक्यावर गवताचा भारा वाहायचा आणि संध्याकाळी साबुदाण्यावर उपास सोडायचा, याला लंघन म्हणत नाहीत. ते नुसतं झिजणं आहे.

आता भार. माणसाचं डोकंच साडेचार-पाच किलोचं असतं, मान तेवढंच पेलायला बनलेली आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे नुसतं पाणीच पंधरा किलो, वर भांड्याचं वजन वेगळं. खाली चुंबळ, पायाखाली उताराची वाट. सरपणाची मोळी तर मोजतच नाही कुणी. १९२८ साली बांधून झालेलं भाटघर धरण आमच्या भोरचं. नीरा देवघर आमचं. पानशेत आणि गुंजवणी वेल्ह्यातली. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण आमच्याकडे म्हण राहिलेली नाही. २०१९ साली जलजीवन मिशन आलं, बऱ्याच घरांपर्यंत नळ पोचले, हे खरं आहे आणि त्याचा आनंदही आहे. २०१६ पासून उज्ज्वलाचे सिलिंडरही आले. पण डोंगरावरच्या वस्त्यांवर उन्हाळ्यात झरा आटला, की हंडा पुन्हा डोक्यावर येतो. सिलिंडर भरायला पैसे नसले, की मोळीही परत येते.

पावसाळ्याचं तर आणखी वेगळं. आयुर्वेद सांगतो की वात उन्हाळ्यात साठतो आणि पावसाळ्यात उसळतो. म्हणून पावसाळ्यात कष्ट बेतानेच करावेत, असं चरकानं ऋतुचर्येत सांगून ठेवलंय. आणि आपली भातलावणी नेमकी तेव्हाच! पोटरीएवढ्या चिखलात, डोक्यावर पाऊस, सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमरेत वाकून आणि पुढचं बघायला मान मात्र वर उचलून. तुम्ही स्वतः अशी दोन मिनिटं वाकून मान वर करून बघा, कळेल. लावणी करणाऱ्या बाईची मान आषाढात धरते, त्यात आश्चर्य काय? लावणी टाळता येणार नाही, भात काय आकाशातून पडणार आहे? पण त्या महिन्यात तिला गरम जेवण, अंगाला तेल, चुलीजवळची कोरडी जागा आणि सलग झोप मिळावी, एवढं तर घराच्या हातात आहे.

या यादीत मला सर्वांत जास्त हलवून गेली ती 'वेग अडवण्या'ची गोष्ट. चरकानं न अडवायचे तेरा वेग सांगितले आहेत. लघवी आणि शौच आलेच. पण त्या तेरात भूक आहे, तहान आहे, झोप आहे, कष्टानं लागलेली धाप आहे आणि अश्रूसुद्धा आहेत! आता सांगा, आपण बायका यातलं काय अडवत नाही? एसटीत बसायचं म्हणून पाणी प्यायचं नाही, कारण उतरल्यावर जायला जागा नाही. रानात काम असलं तर अंधार पडेपर्यंत थांबायचं. २०१४ पासून स्वच्छ भारतमुळे घराघरांत संडास आले, पण त्यात पाणी ओतायचं तर ते पुन्हा तिनंच आणायचं. भूक तर मारायचीच असते. काही जणी त्यासाठी मिसरी लावतात. "मिसरी लावली की भूक लागत न्हाई," असं सरळ सांगतात. आणि रडू? ते तर चुलीच्या धुरावर ढकलायचं. ज्या काळात हा ग्रंथ लिहिला गेला, तेव्हा अश्रू अडवले तर शरीर बिघडतं, हे वैद्याला कळत होतं. आपल्या शेजारच्या माणसाला ते अजून कळत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळं खेड्यातल्या बाईचं झालं. भोर शहरात राहणारीच्या घरी नळ आहे, गॅस आहे, मिक्सर आहे. मग तिची मान का दुखते? इथे आयुर्वेदानं एक फार मोलाची गोष्ट सांगितली आहे. वात दोन तऱ्हांनी बिघडतो. एक म्हणजे शरीरातले धातू झिजल्याने. दुसरी म्हणजे त्याची वाट अडल्याने. रानातली बाई झिजते. घरात बसणारीची वाट अडते. सुश्रुतानं मन्यास्तंभाची कारणं सांगताना दिवसाची झोप, वेडीवाकडी बैठक आणि सतत वर बघणं ही नावं घेतली आहेत आणि तिथे वाताला कफानं अडवलेलं असतं असं म्हटलं आहे. दुपारी भरपेट जेवून सोफ्याच्या हातावर मान टाकून झोपणं. रात्री उशांची चळत करून मालिका बघणं. त्यानंतर मोबाईलवर मान घालून तासभर बसणं. घटस्थापनेआधी माळ्यावरची भांडी काढताना आणि जळमटं झाडताना दोन दिवस वरच बघणं. शिलाई मशीनवर सणासुदीच्या ब्लाऊजच्या ऑर्डरी. शिरवळच्या नाहीतर खेड शिवापूरच्या कंपनीत आठ तास एकाच जागी मान घालून पॅकिंग. आणि तोंडात टाकायला काय, तर खारी, टोस्ट, फरसाण.

म्हणून दोघींची मान दुखत असली, तरी दोघींचं पथ्य एक नाही. झिजलेल्या बाईला पोटभर, गरम, तेलातुपाचं अन्न हवं. दूध, उडदाचं घुटं, तिळाची चटणी, शेंगदाणे, अंडी-मासळी खाणाऱ्यांनी तीही खावी. तिला विश्रांती हवी. तिला 'रोज चालायला जा' हा सल्ला देणं म्हणजे चेष्टाच. ती पायाला भिंगरी लावूनच फिरते. उलट बसून असणारीला दुपारची झोप सोडायला हवी, तळलेलं आणि बेकरीचं कमी करायला हवं, दर अर्ध्या तासाला उठून खांदे फिरवायला हवेत, संध्याकाळी नीरेच्या काठानं चालायला हवं. मोबाईल डोळ्यांसमोर धरावा, मांडीवर नको. उशी एकच, मानेची पोकळी भरेल एवढीच. वाल, मटकी, हरभरा, वाटाणा दोघींनीही बेतानं, गरम आणि लसणीची फोडणी देऊन खावं. आपण हे नेमकं उलटं करतो. आहार-विहाराच्या सगळ्या सूचना शहरातल्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून होतात आणि खेड्यातली बाई त्या ऐकून स्वतःचं आणखी एक जेवण कमी करते.

एक गोष्ट आयुर्वेद मानणाऱ्या मैत्रिणींनाही सांगायची आहे. मुंग्या आल्या म्हणजे दर वेळी मानच दोषी, असं नाही. बी-१२ हे जीवनसत्त्व कमी पडलं तरी हातपाय बधिर होतात. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून मिळतं, म्हणजे नेमकं आपल्या ताटात जे शेवटी उरतच नाही त्यातून. मधुमेहानं मुंग्या येतात, थायरॉईडनं येतात, मनगटाशी नस दबली तरी बोटं बधिर होतात. रक्ताच्या साध्या तपासण्यांनी यातलं बरंचसं कळतं. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय आहे, गावात आशाताई आहेत. आयुर्वेदिकच घ्यायचं असेल तर शिकलेल्या वैद्याकडे जा. पुण्यात रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याचं ताराचंद रुग्णालय आहे. कोमट तिळाचं तेल हलक्या हातानं लावणं, निरगुडीचा पाला गरम करून शेकणं हे घरी करायला हरकत नाही. बधिर जागेवर मात्र शेक जपून, भाजलेलं कळत नाही. नाकात तेल सोडणं, बस्ती, भस्माची औषधं हे वैद्याच्या देखरेखीतच. पुडीतून मिळणाऱ्या बिननावाच्या औषधानं एका रात्रीत बरं वाटलं, तर आनंद मानण्याआधी पुडीत काय आहे ते विचारा. आणि कुणाकडूनही मान 'कट्' करून मोडून घेऊ नका. तिथून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या जातात.

काही खुणा दिसल्या तर तेल-शेक करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हातातली भांडी सुटायला लागली, चालताना तोल जायला लागला, लघवी-शौचावरचा ताबा गेला, पडल्यावर मान दुखायला लागली, तापासोबत मान ताठ झाली, किंवा मान-हाताच्या दुखण्याबरोबर छातीत दडपण येऊन घाम फुटला, तर थांबायचं नाही. बाकी बहुतेक जणींचं नस दबल्याचं दुखणं काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, शस्त्रक्रियेशिवाय उतरतं. पण त्यासाठी मानेवरचा भारही उतरावा लागतो.

आणि मला जे सांगायचंय ते इथेच आहे. आयुर्वेदात उपचाराची पहिली पायरी औषध नाही. ज्या कारणानं रोग झाला ते कारण टाळणं, ही पहिली पायरी. त्याला 'निदान परिवर्जन' म्हणतात. आता वरची यादी पुन्हा डोळ्यांसमोर आणा. शेवटी जेवणं, कमी झोपणं, ओझं वाहणं, वेग अडवणं. यातलं कुठलं कारण ती बाई एकटी टाळू शकते? तिनं ठरवलं की उद्यापासून हंडा नाही, तर घरात पाणी कुठून येणार? 'तुझा आहार-विहार सुधार' असं तिला सांगणं सोपं आहे. पण तिचा आहार घरानं ठरवलेला आहे आणि विहार गावानं. मग पथ्य तिनं एकटीनं का पाळायचं? माझं म्हणणं एवढंच, की बाईच्या मानेचं पथ्य घरानं पाळायचं असतं.

एक गंमत तुम्हीही पाहिली असेल. घरातला पुरुष पाणी आणायला निघतो, तेव्हा गाडीला दोन्ही बाजूंना कॅन बांधतो. बाई निघते, तेव्हा तिच्या डोक्यावर हंडा असतो. पाणी तेच, विहीर तीच. ओझं चाकावर घालता येतं हे घराला माहीत असतं, फक्त ते बाईच्या ओझ्याला लागू होत नाही. दुखऱ्या मानेची बाई घरात असेल, तर पाण्याची पाळी गाडीवाल्याकडे जायला काय हरकत आहे? हंडा न्यायचाच असेल तर दोन लहान कळश्या दोन हातांत. लावणीत एकीनेच दिवसभर वाकण्यापेक्षा रोपं काढणं, वाहणं आणि लावणं यांची अदलाबदल, आणि त्यात पुरुषांचीही पाळी. ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघतो, कमानीचा निघतो. वस्तीवरच्या नळाला उन्हाळ्यात पाणी का नाही, हा विषय आपणच काढायला हवा. मानेच्या दुखण्यावरचं ते गावचं औषध आहे.

आपण बोलतच नाही, हीही अडचण आहेच. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली, तो अभ्यास १९८९ साली प्रसिद्ध झाला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते आणि त्यासाठी आधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. मानेचं दुखणं तर लाजेचंही नाही, तरी आपण ते पट्ट्यासारखं पिशवीत घालून ठेवतो. सोसणं हा गुण असेल, पण तो हाडांना कळत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, सुरुवात मोठी नको. आज रात्री भाकऱ्या झाल्या की सगळ्यांच्या ताटांबरोबर स्वतःचंही ताट वाढून घ्या. भाकरी गरम असतानाच, तिच्यावर तूप नाहीतर तेल घालून, सगळ्यांच्या पंक्तीला बसून जेवा. कुणी वळून बघितलंच, तर सांगा, वैद्यांनी पथ्य सांगितलंय. आणि उद्या सकाळी डेअरीचं भांडं भरण्याआधी एक पेला दूध बाजूला काढा. तो कुणासाठी, हे विचारणारं कुणीतरी घरात निघेलच. त्यालाच तो तुमच्या हातात आणून द्यायला सांगा.